दुसऱ्या भागात परत आलेला डॉक्टर

ज्या वर्षी लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी मिस्त्रींचं डावं अंग गेलं. आधी जुळं, मग मिस्त्री. मधे श्वास घ्यायलाही कुणाला सवड मिळाली नाही. तिकडे लेक एकाला निजवायची तोवर दुसरं उठायचं, आणि इकडे तिची आई एका बाजूने लाकडासारख्या जड झालेल्या नवऱ्याला कुशीवर वळवायची, पाठीला तेल लावायची, पुन्हा उताणं करायची. मायलेकी फोनवर बोलत, तेही दोघी अर्धवट झोपेतच. कधीकधी दोघी गप्प व्हायच्या, आणि आधी कोण घोरायला लागलं यावरून दुसऱ्या दिवशी वाद घालायच्या.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. उभ्या जन्मात त्यांनी लोकांना वर नेलं आणि खाली आणलं, आणि स्वतः राहिले ते लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. पाय चालत होते तोवर त्यांना याचं हसू यायचं. अंग गेल्यावर त्यांना एकदा खुर्चीत बसवून वर आणलं, त्यानंतर ते खाली उतरले नव्हते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी कॉट, समोर टीव्ही, उजव्या हाताशी पाण्याचा तांब्या आणि फोन. एवढंच त्यांचं जग.

त्यांची बायको इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला होती. तिथे तिला सगळे काकी म्हणत. चादरी, अभ्रे, रुग्णांचे ढगळ सदरे, सगळं गरम रोलरमधून बाहेर यायचं आणि काकी ते घड्या घालून वॉर्डावॉर्डाचे गठ्ठे बांधायची. दिवसभर उभं राहायचं, घरी यायचं, स्वयंपाक करायचा, आणि रात्री पाठ टेकली की मिस्त्रींची हाक यायची. "अगं, जरा वळव." हाक हळूच असायची. मिस्त्रींना वाईट वाटायचं हे तिला कळत होतं. पण वाईट वाटून माणूस हलका होत नाही. तिला उठावंच लागायचं.

'निळा तळ' ही मालिका घरात आणली जावयांनी. ते चष्म्याच्या दुकानात कामाला होते. सासऱ्यांना दिवसभर छताकडे बघत पडलेलं पाहून त्यांना राहवलं नाही. त्यांनी मालिकेचे सगळे बारा भाग एका पेन ड्राइव्हवर भरून आणले, टीव्हीच्या मागे खोचून दिले आणि म्हणाले, "बाबा, फक्त ही कळ दाबायची. जिथे थांबलं असेल तिथून पुढे चालू होतं. आणि एक सांगतो, डोकं जाग्यावर ठेवून बघा. भलतीच गुंतागुंत आहे."

"मी लिफ्ट दुरुस्त केल्यात, जावईबापू," मिस्त्री म्हणाले. "गुंतागुंतीला भीत नाही."

गोष्ट अशी होती. दूरच्या कुठल्याशा ग्रहावर जमिनीच्या पोटात एक तळ असतो. तिथे काही माणसं उभ्या कपाटांमधून जागी होतात, आणि आपण इथे का आलो ते एकालाही आठवत नाही. एक कॅप्टन बाई असते, एक दाढीवाला डॉक्टर असतो, आणि एक दार असतं ज्याच्यामागून गुणगुणल्यासारखा आवाज येतो. दारामागे काय आहे ते बारा भाग संपले तरी कुणी सांगत नाही. पुढचे भाग यायचे होते. तोवर ज्याने त्याने आपापलं डोकं चालवायचं.

आणि डोकं सगळेच चालवत होते. लॉन्ड्रीत जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा. इस्त्रीवर एक बाई होती, तिचं तोंड कधी बंद नसायचं म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणत. रेडिओचं म्हणणं ठाम होतं. "हे सगळं त्या कॅप्टनीणीचंच काम. बाई एवढी समजूतदार दाखवली की समजायचं, शेवटी तीच निघणार."

जावयांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते ती माणसं जागी झालेलीच नव्हती, कपाटात झोपून सगळी मिळून एकच स्वप्न बघत होती. हे त्यांनी मोबाइलवर कुठेतरी वाचलं होतं, पण ते स्वतःचंच म्हणून सांगत.

मिस्त्रींनी मात्र आपलं म्हणणं स्वतः घडवलं होतं. लिफ्टच्या मागे लोखंडाचं एक अवजड वजन असतं. डबा वर गेला की ते खाली येतं, डबा खाली आला की ते वर जातं. मिस्त्रींच्या मते निळा तळ हा नुसता डबा होता. त्याच्या खाली तस्साच दुसरा तळ असणार, तीच माणसं, तेच टेबल, तेच दार. वरचा माणूस मेला की तो खाली जिवंत होतो, आणि खालचा मेला की वर येतो. "नाहीतर डॉक्टर परत कसा आला?" ते म्हणायचे.

रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की जावयांचा फोन यायचा. सासरे आणि जावई यांच्यात पूर्वी फारसं बोलणं नव्हतं. लग्न लेकीने स्वतःच ठरवलेलं, आणि मिस्त्रींनी पहिली दोन वर्षं जावयांना 'ते' याखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं. आता तेच मिस्त्री फोनची वाट बघायचे. काकी भाजी चिरत ऐकायची. तेवढा वेळ तिला कुणी हाक मारत नसे, म्हणून तिलाही तो फोन हवासा वाटायचा.

"डॉक्टर परत आला म्हणजे काय, बाबा? तो त्या खोल विहिरीत पडतो आणि मरतो. संपलं."

"मरतो, कबूल. मग परत येऊन कॅप्टनीणबाईंच्या शेजारी कप घेऊन कसा बसतो?"

"तो आधीचा प्रसंग."

"आधीचा कसा? मी काय डोळे मिटून बघतो? आणि बाकीचं काय? सगळा तळ जळून खाक झाला, बरोबर? आणि नंतर तीच मंडळी त्याच टेबलाशी. टेबलाला एक डागसुद्धा नाही."

"ते परत पहिल्यापासून लागलं असेल, बाबा."

"पहिला मला पाठ आहे. पहिल्यात सगळे कपाटातून बाहेर येतात. मी सांगतोय ते त्यानंतरचं."

आधी जावई हसायचे. मग त्यांचं हसणं कमी झालं. मग ते नुसतं "बरं, बरं" म्हणू लागले, आणि हे 'बरं, बरं' काकीच्या लक्षात आलं. लहान मुलाला किंवा दारुड्याला म्हणतात तसलं होतं ते.

एकदा लेक जुळ्यांना शेजारणीकडे ठेवून घाईघाईत येऊन गेली. ओट्यावर दुधाचं पातेलं जळून काळं पडलेलं होतं. घरभर वास. लेकीने पातेलं हातात घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाबांनी?"

दूध काकीनेच ठेवलं होतं. ठेवून ती भिंतीला टेकून उभी राहिली होती आणि उभ्याउभ्याच तिचा डोळा लागला होता. मिस्त्री बाहेरून ओरडले म्हणून ती जागी झाली. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण लेकीच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती आणि काकीच्या अंगात बोलायचंही त्राण नव्हतं. ती पातेलं घासायला लागली. लेकीने त्या गप्प राहण्याचा अर्थ तिला हवा तसा घेतला. मिस्त्री ओट्यापर्यंत पोचणार कसे, हे दोघींपैकी एकीनेही मनात आणलं नाही. खुर्चीला धरून ते कधीमधी दोन पावलं टाकत, तेवढं लेकीला पुरलं.

"आई, त्यांचं डोकं चालेनासं झालंय," लेक म्हणाली. "अंग गेलं की कधीकधी मागोमाग डोकंही जातं म्हणतात. आमचे हे तर रोज फोनवर ऐकतात ना. मेलेली माणसं परत आली म्हणतात बाबा. आज गॅस, उद्या आणखी काही. तू कामावर असतेस. मला दोन तान्ही. सांग, काय करायचं?"

"काय करायचं?" काकी म्हणाली.

"एक केंद्र आहे. आश्रम नाही हां, आश्रम म्हणू नको. देखभाल केंद्र. डोक्याने चळलेल्यांना तिथे लगेच घेतात, बाकीच्यांना जागा नसते. तिथल्या बाई रविवारी येऊन बघून जातील म्हणाल्या. नुसतं बघतील."

काकीने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण त्या रात्री मिस्त्रींना वळवून परत येताना तिच्या मनात आलं, की ते तिकडे गेले तर आपण या खाटेवर पडू आणि आपल्याला कुणी उठवणार नाही. एवढाच विचार. त्याच्या पुढेही काही नाही आणि मागेही काही नाही. तिला त्याची लाज वाटली, पण लाज वाटेपर्यंत झोपही आली.

दुसऱ्या दिवशी तिने रेडिओला सांगितलं. रेडिओ रोलरच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "पाठव गं बाई. माझ्या सासूला ठेवलं तर लोक मला वाट्टेल ते बोलले. बोलू देत. लोक रात्री उठायला येतात का?"

"ते वेडे झालेत असं वाटत नाही मला."

"वेडे नाहीत तर घेणार नाहीत ना पण?"

"हं."

"मग थोडे होऊ दे," रेडिओ म्हणाली आणि चादर झटकली. विनोद म्हणूनच म्हणाली ती. काकी हसलीही.

गुरुवारी काकीची सुट्टी असायची. त्या गुरुवारी दुपारी मिस्त्री मालिका बघत होते आणि वीज गेली. मिस्त्रींना झोप लागली. वीज आली तेव्हा टीव्ही आपोआप चालू झाला, पण चित्र येण्याऐवजी पडद्यावर भागांची यादीच उभी राहिली. जावयांनी भागांना नावं दिली नव्हती, नुसते आकडे घातले होते. काकी पुसायचं फडकं हातात घेऊन टीव्हीसमोरून चालली होती, ती थांबली.

एक. त्याखाली दहा. मग अकरा, मग बारा. आणि बाराच्या खाली दोन.

तिला समजायला वेळ लागला नाही, कारण हे तिच्या रोजच्या कामातलं होतं. लॉन्ड्रीत वॉर्डाच्या चिठ्ठ्या यंत्रातून छापून येत, आणि ते यंत्र असंच शहाणं होतं. एकच्या पाठोपाठ दहा काढायचं, मग अकरा, मग कधीतरी दोन. यंत्राला पहिला आकडा तेवढा दिसतो, असं तिथला मेकॅनिक म्हणायचा. नवीन बाई आली की पहिल्या दिवशी हमखास दहाव्या वॉर्डाच्या चादरी दुसऱ्या वॉर्डात पोचवायची, आणि मग सगळ्या मिळून तिला हसायच्या.

म्हणजे टीव्हीने पहिल्यानंतर दहावा लावला होता. डॉक्टर दहाव्यात मेला आणि दुसऱ्यात कप घेऊन बसला. तळ बाराव्यात जळला आणि दुसऱ्यात शाबूत होता. मिस्त्रींनी जे पाहिलं तेच ते सांगत होते. अक्षर न् अक्षर खरं होतं.

काकीने कॉटकडे पाहिलं. मिस्त्री तोंड उघडं टाकून झोपले होते. त्यांना हलवून उठवावं आणि सांगावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. मग रविवार आठवला. ती खुर्चीवर बसली. फडकं मांडीवर तसंच राहिलं. ती बराच वेळ यादीकडे बघत बसली आणि मग तिने कळ दाबली. पडद्यावर कॅप्टन बाई आली. मिस्त्री जागे झाले तेव्हा मालिका चालू होती.

"बघ," ते म्हणाले, "तो निळा दिवा फुटला होता ना? आता बघ, अख्खा आहे. खालून कुणीतरी दुरुस्त करून पाठवतंय."

"हं," काकी म्हणाली.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. तिने कुणाला काही सांगितलं नाही. रेडिओलाही नाही. रात्री ती उठत होती, वळवत होती, आणि प्रत्येक खेपेला स्वतःला सांगत होती की रविवारपर्यंतच. मिस्त्रींनी त्या दिवसांत दोनदा विचारलं, "बरं नाही का तुला?" ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?"

रविवारी दुपारी केंद्रातल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, तीन जिने चढून आल्यामुळे धापा टाकणाऱ्या. त्या आल्याआल्या पाणी पिऊन म्हणाल्या, "इथे लिफ्ट नाही का हो?" आणि मिस्त्रींना एवढं हसू आलं की त्यांना ठसका लागला. लेक आणि जावई भिंतीशी उभे होते. जुळी पुन्हा शेजारणीकडे.

बाई कॉटशेजारी बसल्या. "आज वार कोणता, काका?"

"रविवार. जावयांचं दुकान फक्त रविवारीच बंद असतं, आणि ते समोर उभे आहेत."

"महिना?"

मिस्त्री अडखळले. चुकीचा महिना म्हणाले. मग कळलं तसे चिडले. "कॅलेंडर यांनी माझ्या डोक्यामागे लावलंय. मान वळत नाही. तुम्हीच सांगा, मी काय वासावरून ओळखू?"

बाई हसल्या. "दिवसभर काय करता?"

"'निळा तळ' बघतो." आणि मिस्त्रींची कळी खुलली. त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर, विहीर, आग, अख्खं टेबल, खालचा तळ, लोखंडाचं वजन. उजवा हात वर नेऊन, खाली आणून त्यांनी दाखवलंही. बाई मान डोलावत होत्या. लेकीने पदराने डोळे टिपले. जावई बाईंकडे झुकून अगदी हळू म्हणाले, "असं काही त्यात नाहीये. डॉक्टर मेल्यावर एकदाही परत येत नाही."

मिस्त्रींचं अंग गेलं होतं, कान नव्हे.

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. ते जावयांकडे पाहत राहिले, मग लेकीच्या डोळ्यांकडे, मग त्या अनोळखी बाईंकडे. ही मंडळी आज का जमली आहेत ते त्यांना तेव्हा उमगलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम लहान झाला.

"परत येत नाही?" ते म्हणाले. "पण मी पाहिलंय. रोज बघतो." मिस्त्रींनी काकीकडे मान वळवली, वळत नव्हती तरी वळवली. "अगं, तू असतेस ना इथे? तू सांग. डॉक्टर परत आला की नाही? का मलाच काहीतरी दिसतं?"

काकीने नुसतं एवढं म्हटलं असतं, की मला झोप लागली होती, तरी पुरलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. ती घरात सदानकदा पेंगतच असायची, सगळ्यांना माहीत होतं. पुढचं सगळं त्या एका वाक्याने झालं असतं.

"आला," ती म्हणाली. "मीही पाहिलाय."

"आई," लेक म्हणाली, "अगं त्यांच्या समाधानासाठी..."

"समाधानासाठी नाही. जावईबापू, टीव्ही लावा आणि ती यादी काढा. वरून खाली वाचा."

जावयांनी यादी काढली. वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "एकच्या खाली दहा! अरे देवा. टीव्हीने नुसता पहिला आकडा बघितला. मी शून्य एक, शून्य दोन असं लिहायला हवं होतं. बाबा, तुम्ही सगळं उलटंपालटं पाहिलंत! पहिल्यानंतर थेट दहावा!"

"म्हणजे मी वेडा नाही."

"नाही हो, बाबा. चूक माझी आहे."

"आणि माझं म्हणणं? खालचा तळ, वजन?"

जावई घुटमळले. "ते मात्र गेलं, बाबा. सरळ क्रमाने बघितलं तर डॉक्टर परत येतच नाही ना."

मिस्त्रींनी जरा विचार केला. "मग वेडा असतो तर बरं होतं," ते म्हणाले.

केंद्रातल्या बाई खदखदून हसल्या. जावईही हसले. लेक मात्र हसली नाही. ती आईकडे बघत होती.

"तुला कधी कळलं हे?"

"गुरुवारी."

"गुरुवारी? आणि आज रविवार?"

"हो."

"आणि ते दूध?"

"दूध मीच ठेवलं होतं. डोळा लागला माझा."

"मग बोलली का नाहीस?"

काकीने फडक्याने हात पुसले, हात कोरडेच होते. "बोलले असते तर यांना नेलं नसतं," ती म्हणाली.

मिस्त्री तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. तेवढी मात्र सहज फिरली.

केंद्रातल्या बाईंनी असले प्रसंग खूप पाहिले असावेत. त्यांनी लेकीला बोलू दिलं नाही. त्या काकीला म्हणाल्या, "ताई, सलग रात्रभर शेवटच्या कधी झोपलात?"

काकी आठवायला लागली. खरोखरच आठवायला लागली, कपाळाला आठ्या घालून. "जुळं व्हायच्या आधी," शेवटी ती म्हणाली. "तेव्हा आम्ही दोघं कुठेतरी गेलो होतो. कुठे ते आठवत नाही."

"काकांच्या डोक्याला काही झालेलं नाही," बाई लेकीकडे वळून म्हणाल्या. "त्यांना मी घेऊ शकत नाही, जागा डोक्याच्या आजारवाल्यांची आहे. पण तुमच्या आईला असंच ठेवलंत तर थोड्या दिवसांनी मला त्यांच्यासाठी हे जिने चढावे लागतील. आमच्याकडे दिवसापुरतं ठेवायची सोय आहे. सकाळी दोघं जण खुर्ची घेऊन येतात, संध्याकाळी परत आणून सोडतात. आठवड्यातून दोनदा."

"आणि शनिवारी रात्री मी येतो," जावई म्हणाले. "रविवारी दुकान नाही. मी वळवीन त्यांना."

"जमेल तुम्हाला?" काकी म्हणाली. "जड आहेत."

"शिकवा."

त्या संध्याकाळी मिस्त्री काकीशी बोलले नाहीत. वळवायला हाकही मारली नाही. तीच आपणहून उठून वळवत राहिली, आणि ते डोळे मिटून जागे राहिले. सकाळी ती कामावर जायच्या आधी ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसत होती, तेव्हा ते म्हणाले, "गुरुवारी कळलं तर गुरुवारी सांगायचं होतंस."

"हो."

"मीच म्हटलं असतं, पाठव मला."

"उगाच काहीतरी बोलू नका."

"उगाच नाही. रात्री तुझे पाय वाजतात फरशीवर. ओढत येतेस. मला काय ऐकू येत नाही?" तिने मानेखालून फडकं फिरवलं. "दमलीस म्हणून पाठव. मी जाईन. पण वेडा म्हणून नको. तेवढं नको."

काकीने फडकं पिळलं, त्यांचा कान पुसला, मग दुसरा पुसला. तिला कामाला उशीर होत होता. दारापर्यंत जाऊन ती परत आली आणि कॅलेंडर काढून समोरच्या भिंतीवर टीव्हीच्या बाजूला लावलं. "आता महिना चुकलात तर बघा," ती म्हणाली.

जावयांनी भागांचे आकडे दुरुस्त करून दिले. मिस्त्रींनी 'निळा तळ' सरळ क्रमाने एकदा पाहिला आणि त्यांचा विरस झाला. "यात कोडं कुठे आहे?" ते फोनवर म्हणाले. "एकामागून एक होतं आणि शेवटी जळतं. एवढं तर कुणालाही सुचेल." केंद्रात मात्र त्यांनी तिथल्या म्हाताऱ्यांना मालिका दाखवायची टूम काढली, आणि दाखवताना पहिल्यानंतर दहावाच लावायला लावला. थोड्याच दिवसांत तिथे दोन तट पडले. एक डॉक्टर मेला म्हणणाऱ्यांचा, एक परत आला म्हणणाऱ्यांचा. जेवणाच्या टेबलावर त्यांची तोंडं दोन दिशांना असायची. केंद्रातल्या बाईंनी काकीला फोन करून सांगितलं, "अहो, हे आधी शांत केंद्र होतं."

मिस्त्री केंद्रात जायचे त्या दोन दिवसांतला एक काकीच्या सुट्टीचा गुरुवार होता. ते गुरुवार तिने आधी घर आवरण्यात घालवले. झोपायचं म्हटलं तर झोप यायची नाही. कान कॉटकडे लागलेले असायचे आणि कॉट रिकामी. रेडिओ म्हणाली, सवय व्हायला वेळ लागतो. लागला. शनिवारी रात्री जावई यायचे, बाहेरच्या खोलीत जमिनीवर अंथरूण टाकायचे. पहिल्या रात्री त्यांनी मिस्त्रींना वळवताना स्वतःची पाठ धरून घेतली आणि रविवारी दोघंही पडून राहिले. काकीने दोघांना तेल लावलं. दोन महिन्यांनी त्यांना जमायला लागलं. लेक म्हणायची, घरात दोन पोरांना धड उचलत नाहीत आणि तिकडे बाबांना उचलतात. पण पाठवायची. आईशी ती आधी थोडी तुटक वागत होती. मग एक दिवस जुळ्यांपैकी एकाला घेऊन आली, काकीच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः शेजारी आडवी होऊन घटकाभर झोपली. तिथून पुन्हा पूर्वीसारखं झालं.

मालिकेचे शेवटचे भाग आले तेव्हा सासरे-जावयांनी ते शनिवारी मिळून पाहिले, सरळ क्रमाने. मिस्त्रींचं म्हणणं खरं निघालं नाही, जावयांचंही नाही. कॅप्टन बाईनेच सगळं केलं होतं. रेडिओने महिनाभर लॉन्ड्रीत कुणाला सुखाने जेवू दिलं नाही. मिस्त्री म्हणाले, "शेवट चुकलाय. लिहिणाऱ्यांना लिफ्ट कशी चालते ते माहीत नाही." त्यानंतरही ते आपलंच म्हणणं सांगत राहिले, आणि जावई न हसता वाद घालत राहिले.

पुढच्या हिवाळ्यात मिस्त्रींच्या छातीत कफ साठला तो सुटला नाही. डॉक्टर घरी येऊन गेले, औषधं बदलली. काकीने लॉन्ड्रीतून रजा घेतली, आणि जावई दुकान बंद झालं की रोज येऊ लागले, नुसत्या शनिवारी नव्हे. दोघं आळीपाळीने बसत. मिस्त्री बोलत कमी, पण ऐकत असत.

मिस्त्री जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, घरातच वारले. जावई त्यांच्याजवळ होते. काकी आतल्या खोलीत झोपली होती. जावयांनी तिला उठवलं.